माणूस निघालाय

मला लिफ्टची भीती वाटत नाही. वाटत नव्हती, असं म्हणा. माझं सगळं आयुष्य लिफ्टच्या धंद्यात गेलंय. लिफ्ट बसवणाऱ्या कंपन्या मोठ्या, त्यांची नावं आत चकचकीत पट्टीवर असतात. आम्ही मागाहून येणारे, बसवलेली लिफ्ट चालू ठेवणारे. चिंचवडला एका गाळ्यात आमचं ऑफिस, आणि वाकडपासून चाकणपर्यंत आमची कामं. मी तनुजा. तक्रारी, माणसं, कोण कुठल्या साइटवर गेला, कोण का नाही गेला, हे सगळं माझ्याकडे. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं पटकन तापतं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको.

हे सगळं सुरू झालं आमच्या मालकांच्या धास्तीतून. वाकडच्या एका बिल्डरचे बरेचसे टॉवर आमच्याकडे आहेत. त्यानं एक दिवस गणराज साहेबांना बोलावून सुनावलं, की तुमची पोरं लिफ्ट दुरुस्त करतात ते ठीक, पण बोलतात अशी की जणू आमच्याच बायकापोरांनी ती मुद्दाम बंद पाडली. सुधारा, नाहीतर आम्ही दुसरा बघतो. साहेब परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक. त्या टॉवरांवर आमची निम्मी माणसं जगतात. पुढे ते कुठल्याशा हॉटेलात एक शिबिर करून आले आणि मला म्हणाले, ताई, आपल्यातलाच एक माणूस निवडायचा. ग्राहकाशी कसं बोलायचं हे आधी त्याला शिकवायचं आणि मग त्यानं बाकीच्यांना. पोरं मालकाचं ऐकत नाहीत, जोडीदाराचं ऐकतात. नावही त्यांनी तिकडूनच आणलं होतं, सेवादूत. निवड तुम्ही करा, म्हणाले, आणि चुकली तर आपण सगळेच घरी बसू.

ही विनंती होती की धमकी, देव जाणे. या नोकरीवर माझं घर चालतं.

मी एक युक्ती काढली. एकेकाला फोनपाशी बसवायचं, आणि आपण मागच्या सामानाच्या खोलीत दार लावून बसायचं. तिथून फोन करायचा, मी लिफ्टमध्ये अडकलेय, वाचवा. बघू या कोण काय बोलतं.

पहिला बसवला तो उमर. उमर आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक. हाताला गुण आहे, पण जीभ म्हणजे पटाशी. त्यानं फोन उचलला आणि म्हणाला, बाई, मी चाकणला आहे, मला यायला दोन तास लागतील, तुम्ही खाली बसा, बोलू नका, आणि घाई असेल तर अग्निशामकला बोलवा. एवढं बोलून ठेवला की फोन! मी खोलीतून बाहेर आले ती त्याच्यावर ओरडतच आले. अरे बाबा, ती बाई आत आहे, अंधारात आहे, तिला दोन तास म्हणतोस? तो म्हणाला, लागतात तर लागतात ताई, मी काय उडत येऊ?

त्याच्यानंतरचेही सगळे तसेच, उन्नीस-बीस. शेवटी बसली निलोफर. ही आमच्या फोनवरची पोरगी, काळेवाडीची, वडिलांचं तिथे स्कूटर दुरुस्तीचं दुकान. निलोफर म्हणाली, ताई, घाबरू नका, आमचा माणूस निघालाय, पाच मिनिटांत पोचतोय, मी आहे इथे. बस्स, एवढंच. पण तो आवाज! मी त्या खोलीत मोटारी आणि तारांच्या भेंडोळ्यांत बसलेली, मला ठाऊक की मी अडकलेली नाही, कुणीच निघालेलं नाही, तरी माझे खांदे सैल पडले. मी तिथेच ठरवलं, हीच.

तिला शिकवलं मी. शिबिरातून साहेबांनी जे काय आणलं होतं ते, आणि माझ्या पदरचं बरंचसं. ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘माहीत नाही’ तर चुकूनही म्हणायचं नाही. ‘उशीर’ हा शब्द विसरायचा. ग्राहकाला पहिलं वाक्य द्यायचं ते हेच, की माणूस निघालाय. आता आपल्याकडे असं कोण म्हणत नाही? केळीवाला म्हणतो, प्लंबर म्हणतो, लग्नाला निघालेला पाहुणा अंघोळीच्या आधी म्हणतो, की रस्त्यातच आहे, आलोच. मी काही नवीन शोध लावला नव्हता. फक्त तो शिस्तीत लावला. निलोफरनं एकदाच विचारलं होतं, चेहरा बारीक करून. “ताई, पण माणूस निघालेलाच नसला तर?”

“निघणार आहे ना?” मी म्हणाले. “मग निघालाय.”

ती हसली नाही. मला वाटलं, नवीन जबाबदारी आहे, बावरलीय पोरगी.

पण एकदा शिकली आणि मग सुटलीच. दर शनिवारी चहाच्या वेळी मेकॅनिक लोकांना गाळ्यात बसवायची. त्यांच्या नकला करायची, त्यांच्याकडून आपली नक्कल करून घ्यायची. कुणी चुकून खरा वेळ सांगितला की बाकीचे टाळ्या वाजवायचे. उमर सुरुवातीला तोंड वाकडं करून बसायचा. मग ती त्याला दुपारी साइटवर ग्राहक म्हणून फोन करायला लागली, आणि तो नीट बोलेपर्यंत फोन ठेवायचीच नाही. भाऊ, परत एकदा. भाऊ, जरा प्रेमानं. त्याला ती धाकट्या बहिणीसारखी, त्यामुळे चिडता येईना. हळूहळू तोही शिकला. साहेबांनी खूश होऊन प्रत्येक लिफ्टमध्ये एक स्टिकर लावून घेतला, घाबरू नका, आमचा माणूस निघाला आहे, खाली आमचा नंबर. तक्रारी घटल्या. बिल्डर गप्प झाला. रविवारी निलोफरचा सत्कार ठरला, शाल, श्रीफळ, पेढे, सगळं.

त्या सत्काराला वाकडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी यावं म्हणून मी त्यांना बोलवायला गेले होते. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. चौदाव्या मजल्यावर त्यांनी मला सरबत दिलं, निलोफरचं तोंड भरून कौतुक केलं, येतो म्हणाले. मी खुशीत लिफ्टमध्ये शिरले. त्या टॉवरला दोन लिफ्ट, पैकी एक बंद होती, आमच्याच दुरुस्तीवर. बाराव्या मजल्यावर एक साठीच्या बाई आत आल्या. बाराव्याचा आणि सहाव्याचा स्वयंपाक त्यांच्याकडे, यशोदाबाई नाव. दूध संपलं म्हणून खाली पिशवी आणायला निघाले, असं त्यांनी आपणहून सांगितलं. नववा मजला गेला, आणि लिफ्टनं असा हिसका दिला की आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर. दिवे गेले. पंखा बंद. छताला एक बारीक बल्ब तेवढा लागला.

मी हसले, खरं सांगते. म्हटलं, मावशी, घाबरू नका, ही लिफ्ट आमचीच आहे. आणि घंटेचं बटण दाबलं.

थोड्या वेळानं बोलायच्या जाळीतून वॉचमन दत्तोबांचा आवाज आला. लाइटचा लोचा झालाय, जनरेटर उचलत न्हाई, पण काळजी करू नका, कंपनीला फोन केलाय, माणूस निघालाय, पाच मिनिटांत येतोय. मी गेटवर थांबतो त्याला घ्यायला. आणि जाळी गप्प झाली.

आता बघा, मला ठाऊक. जगात कुणाला ठाऊक असेल तर मला. तरी ते शब्द ऐकले आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले, पाच मिनिटंच तर आहेत म्हणून. यशोदाबाईंना मी बोलतं ठेवलं. निलोफरला मीच शिकवलं होतं, अडकलेल्याला बोलतं ठेवायचं, म्हणजे भीती वाढत नाही. मग त्याही बोलायला लागल्या. काळेवाडीत राहतात, मुलगी रुपाली सोबत असते, मूळच्या मावळातल्या. बोलता बोलता मध्येच थांबून मोठा श्वास घ्यायच्या. मी म्हटलं उकडतंय म्हणून असेल.

मग त्यांच्या छातीतून तो आवाज यायला लागला. बारीक शिट्टीसारखा, आत येताना नाही, बाहेर जाताना.

“दम्याचा तरास हाय जुना,” त्या म्हणाल्या. “पंप वरती ऱ्हायला. पिशवीत. ओट्यावर.”

मी घंटा दाबली. परत दाबली. दाबूनच ठेवली. जाळीतून काही नाही. दत्तोबा गेटवर उभे, माझ्या माणसाची वाट बघत. मी दार बडवलं, हाका मारल्या. भर दुपारी टॉवर रिकामा, माणसं ऑफिसात, आणि जी असतील ती दारं बंद करून झोपलेली. ज्याला माझं ऐकू जायला हवं होतं, तोच खाली उन्हात रस्त्याकडे बघत होता. पाच मिनिटांत येणाऱ्या माणसासाठी कोण नऊ मजले चढून वर येईल?

मोबाइल दाराच्या फटीपाशी धरला की कशीबशी रेंज यायची. मी ऑफिसला फोन लावला. निलोफरनं उचलला. मी कुठे आहे, काय झालंय ते सांगितलं. पलीकडून तोच आवाज आला.

“ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. उमरभाऊ निघालेत. पाच मिनिटांत पोचतायत.”

आणि तुम्हाला खोटं वाटेल, मला बरं वाटलं. परत. माझीच शिकवण, माझंच वाक्य, आणि माझाच जीव भांड्यात पडला. मी यशोदाबाईंना म्हणाले, मावशी, आलाच आमचा उमर. त्यांनी मान हलवली आणि हसल्या. त्या परत बोलायला लागल्या. उमर कोण, लग्न झालंय का त्याचं, कुठला. मीही सांगत बसले.

मग त्या बोलायच्या थांबल्या. खाली बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकल्या, आणि प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे कानापर्यंत वर जायला लागले. ओठांचा रंग त्या बारीक उजेडातही बदललेला दिसत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात असं कुणाच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. त्या मरतील, इथे, माझ्यासमोर, या वीतभर डब्यात, हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. समोर भिंतीवर आमचा स्टिकर. घाबरू नका. तो नखांनी ओरबाडून काढावासा वाटला.

मी परत निलोफरला फोन लावला.

“निलोफर, बाईला श्वास घेता येत नाहीये. मला खरं सांग. उमर कुठे आहे?”

“निघालेत, ताई.”

“निलोफर.”

ती रडायला लागली. मला वाटलं, आता कबूल करेल, की तो निघालेला नाही, मी खोटं बोलले. मी तयारी केली होती त्याची. पण ती जे म्हणाली त्याची नव्हती.

“ताई, मला खरंच माहीत नाही. मी त्यांना विचारलं, ते म्हणाले निघालोय, पाच मिनिटांत पोचतो. पण ते आता मलाही तसंच सांगतात. सगळेच सांगतात. मी रोज विचारते कोण कुठे आहे, आणि सगळे निघालेलेच असतात. आपल्यातला कोण कुठे आहे हे मला कित्येक दिवसांत कळलेलंच नाही, ताई. मला रोज भीती वाटते. तुम्हाला कसं सांगणार होते?”

आईशप्पथ, त्या लिफ्टनं हिसका दिला तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते. आमची सगळी माणसं कुठल्या कुठे रस्त्यांवर, आणि एकालाही दुसरा कुठे आहे ते माहीत नाही. सगळे गोड बोलत होते आणि कुणीही कुठेही पोचत नव्हतं.

मी उमरला फोन लावला. त्यानं उचलला, आणि माझं नाव न बघताच सुरू झाला. नमस्कार, काळजी करू नका, मी पोचतोच आहे. उमर! पटाशीच्या जिभेचा उमर! किती मऊ, किती प्रेमानं. मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आदळत होतं, कुठल्यातरी कारखान्यात असतं तसं.

“उमर, मी तनुजा. मी आत आहे. माझ्यासमोर एक बाई मरतेय. तू कुठे आहेस?”

मग त्याचा जुना आवाज आला, खरखरीत. “चाकणला, ताई. कंपनीच्या माललिफ्टवर. अजून निघालोच नाही. चौकात गाड्या तुंबल्यात, दोन तासांत पण पोचणार नाही. तुम्ही अग्निशामकला बोलवा. आत्ता. तोवर मी दत्तोबाला वर पाठवतो, त्याचा नंबर आहे माझ्याकडे.”

मी अग्निशामकला फोन केला. पत्ता सांगितला, बाईंचं सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, गाडी निघाली आहे. साधं वाक्य. मी त्याला विचारलं, निघाली म्हणजे फाटकातून बाहेर पडली का, तुम्ही डोळ्यांनी बघितली का? तो चिडला. मॅडम, निघाली म्हटलं ना. मी फोन ठेवला तेव्हा मला काहीही कळत नव्हतं, खरं काय आणि खोटं काय. मीच माझ्या हातानं ते कळण्याची सोय मोडून टाकली होती.

यशोदाबाईंनी माझ्या साडीचा पदर धरला. त्यांना विचारायचं होतं, शब्द फुटत नव्हता. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“मावशी, आमचा माणूस येत नाहीये. तो चाकणला आहे. अग्निशामकवाले येतायत म्हणे, पण कधी ते मला माहीत नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, मीच घाबरवून मारलं. पण त्यांनी परत डोळे उघडले आणि एकेक शब्द तोडून बोलल्या. “आधी. सांगायचं. वो. मी उगा. बोलत ऱ्हायले. दम. घालवला.”

मग त्या काही बोलल्या नाहीत. भिंतीला पाठ न टेकता पुढे झुकून, ओठ आवळून, हळूहळू श्वास सोडायला लागल्या. जेवढा उरला होता तेवढा पुरवून पुरवून.

दत्तोबा धापा टाकत वर आले. त्यांच्या कानाला फोन, फोनवर उमर. बाहेरचं दार वॉचमनकडे ठेवलेल्या तिकोनी चावीनं कसं सोडायचं ते उमर त्यांना सांगत होता, आणि त्यांच्यामार्फत मला, की आतलं दार दोन्ही हातांनी एकाच बाजूला ओढायचं, आणि काहीही झालं तरी कुणी बाहेर यायचा प्रयत्न करायचा नाही, लिफ्ट मध्येच हलू शकते. दार हातभर सरकलं. नवव्या मजल्याची फरशी आमच्या छातीच्या उंचीला, तिथून थोडी हवा आली. मी यशोदाबाईंना उचलून त्या फटीपाशी धरलं. त्यांनी कमरेची किल्ली काढून वर सरकवली. दत्तोबा ती घेऊन बाराव्यावर पळाले. पंप आला, त्यांनी ओढला, परत ओढला. शिट्टी थोडी कमी झाल्यासारखी वाटली, आणि मग त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली.

अग्निशामकवाले आले. ते खरंच निघाले होते. त्यांनी दोघींना वर ओढून काढलं, आणि ॲम्ब्युलन्समध्ये मी यशोदाबाईंच्या शेजारी बसले. तोंडावर मास्क, डोळे अर्धवट उघडे, पण बघत नव्हत्या कुठेच. मी त्यांचा हात धरला होता आणि बोलायला तोंड उघडलं, की काही होणार नाही तुम्हाला. जिभेवर तयारच असतं ते. मी तोंड मिटलं.

दवाखान्यात त्यांना आत नेलं. दार बंद. मी बाहेर बाकावर. दत्तोबांनी घाईत त्यांची पिशवी माझ्याकडे दिली होती. डॉक्टर एकदा बाहेर येऊन म्हणाले, श्वासासाठी मशीन लावलंय, बराच वेळ प्राणवायू कमी पडलाय, आत्ता काही सांगता येत नाही, घरचे कुठे आहेत? मी म्हणाले, बोलावते. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. रुपाली.

मी इतकी वर्षं घाबरलेल्या माणसांशी फोनवर बोलतेय. कसं बोलायचं हे मी दुसऱ्यांना शिकवते. तो फोन हातात धरून मला जेवढी भीती वाटली, तेवढी त्या डब्यातही वाटली नव्हती. मी उचलला.

“आई, कुठवर आलीस गं?” मुलगी म्हणाली. आवाज अगदी मोकळा होता.

मी म्हणाले, मी आई नाही. आई दवाखान्यात आहे. लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, दमा उठला. आता मशीनवर आहेत. डॉक्टर म्हणतात, आत्ता काही सांगता येत नाही. मी एकेक वाक्य ठेवत गेले, काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

ती म्हणाली, “तुम्ही कोण?”

“ती लिफ्ट सांभाळायचं काम आमच्या कंपनीचं आहे.”

“मग तुम्ही चुकीचं सांगताय,” ती म्हणाली. सावकाश, जणू मलाच समजावत होती. “मी आईला फोन करत होते, ती उचलेना, म्हणून वॉचमनकाकांना केला. ते म्हणाले अडकलीय, आणि तुमच्या कंपनीचा नंबर दिला. तिथे एक ताई होत्या, इतक्या छान बोलल्या. म्हणाल्या, आई सुटल्या, निघाल्यात, पाच मिनिटांत घरी पोचतायत. म्हणून मी भाकऱ्या टाकल्या. शेवटची तव्यावरच आहे आता. ती आली की गरम खाईल.”

समोरचं दार उघडून एक नर्स पळत कुठेतरी गेली आणि दार परत बंद झालं.

“ताई?” रुपाली म्हणाली. आता तिचा आवाज कापत होता. “त्या ताई म्हणाल्या ना, निघालीय.”

“नाही निघाली,” मी म्हणाले. “गॅस बंद कर आणि ये, पोरी. लवकर ये.”